न भरणारी जखम आणि नॅनोचा साबण

मागच्या पंधरवड्यात तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. चितेगावच्या एका कारखान्यात कामाला, बोलण्यात चुणचुणीत. नंबर लागल्यावर खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, हा साबण आपल्याकडं कुठं मिळंल? संभाजीनगरला मिळंल, का पुण्याहून मागवावा लागंल?"

पडद्यावर एका शाळकरी मुलाचे हसरे छायाचित्र होते. खाली मजकूर असा की, अमेरिकेतल्या चौदा वर्षांच्या मुलाने कातडीचा कॅन्सर बरा करणारा साबण शोधला, नॅनो तंत्रज्ञानाचा, आणि किंमत अगदी किरकोळ. 'पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल' ही शेवटची ओळ अर्थातच होती.

"साबण कोणासाठी पाहिजे?" मी विचारले.

"मायसाठी. बाहेर बसलीय बाकड्यावर. तिच्या पायाला जखम हाय, भरतच नाही."

माय आत आली. साठीची बाई, काटक. संकोचाने लुगडे पोटरीपर्यंत वर घेतले. पोटरीवर जुना, भाजल्याचा मोठा डाग. बंबातले उकळते पाणी सांडून तीस-बत्तीस वर्षांपूर्वी भाजले होते म्हणे, तेव्हा हा मुलगा पाळण्यात होता. त्या डागाच्या मधोमध दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा व्रण. कडा उचललेल्या आणि हाताला कडक, मध्ये लालसर दाणेदार मांस, जरा हात लागला की रक्त. नऊ महिन्यांपासून आहे म्हणाली. या नऊ महिन्यांत त्यावर हळद झाली, दोन-तीन तऱ्हेची मलमे झाली, कोणी सांगितला म्हणून पाला झाला, आणि शेवटी बिब्बाही झाला. बिब्ब्याने चांगले कातडेसुद्धा भाजते, मग या कातड्याचे काय झाले असेल ते सांगायला नको.

मी तरुणाला म्हणालो, हा साबण कुठे मिळणार नाही, आणि मिळाला तरी आईच्या या जखमेला त्याचा उपयोग नाही. त्याचा चेहरा पडला. मग त्याने जो प्रश्न विचारला त्यासाठी आजचा हा लेख आहे. तो म्हणाला, "सर, म्हंजी ही बातमी खोटी हाय का?"

खोटी नाही. हीच तर अडचण आहे. ती बातमी साफ खोटी असती, तर दोन वाक्यांत निकाल लागला असता.

त्या मुलाचे नाव हेमन बेकेले. जन्म इथिओपियाचा, राहायला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात. लहानपणी मायदेशात रणरणत्या उन्हात राबणारी माणसे त्याने पाहिली होती, ते डोक्यात राहिले, असे त्याने सांगितले आहे. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात थ्रीएम या कंपनीच्या शालेय शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले, २५ हजार डॉलरचे. पुढच्या वर्षी 'टाइम' नियतकालिकानेही त्याचा गौरव केला. पोरगा हुशार आहे यात शंका नाही. त्याची कल्पना अशी : इमिक्विमॉड नावाचे एक औषध आहे, ते कातडीतल्या प्रतिकारशक्तीला जागे करते. मलमाच्या रूपात ते जुनेच आहे. वरवरच्या एका प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २००४ सालीच परवानगी मिळाली. हेच औषध साबणात घालायचे, आणि फेस धुऊन गेल्यावरही ते कातडीवर टिकून राहावे म्हणून स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांत बांधायचे. कल्पना चांगली आहे. पण २०२४ साली 'टाइम'ने लिहिले तेव्हा काम प्रयोगशाळेत उंदरांवर चालले होते. बक्षीस मिळाले ते कल्पनेला. मोबाइलवर फिरता फिरता कल्पनेचे औषध झाले आणि औषधाचा साबण झाला.

आता नॅनोविषयी. हा शब्द आपल्याकडे नवा राहिलेला नाही. टाटांची नॅनो मोटार आली आणि गेली. २०२१ पासून कृषी सेवा केंद्रात नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली मिळते, तिच्यावर बांधावर बसून भरपूर वादही झाले आहेत. मापाच्या भाषेत सांगायचे तर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. औषध वाहून नेणारे कण साधारण शंभर नॅनोमीटरचे असतात, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत हे कण आठशे ते हजार शेजारी शेजारी बसतील.

एवढे बारीक कशाला करायचे? कारण कातडी ही विटांची भिंत आहे. सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा, म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. जाडी कागदाहूनही कमी, पण निसर्गाने ती बाहेरचे आत येऊ नये म्हणूनच बांधलेली आहे. पाणी आत जात नाही म्हणून आपण अंघोळ करून फुगत नाही. पण याच कारणाने बहुतेक औषधेही वरच अडकतात. औषध जर चरबीच्याच कणात गुंडाळले, तर ते त्या गिलाव्यातून थोडे खोलवर जाईल, आत जाऊन हळूहळू सुटेल, आणि आजूबाजूच्या चांगल्या कातडीला कमी पोळेल, असा हा हिशेब. सुईने रक्तात सोडायच्या औषधांचाही हिशेब साधारण असाच आहे. विष शरीरभर सांडण्याऐवजी डब्यात भरून न्यावे.

डबा म्हटले की आपल्या भागातल्या पुष्कळ घरांना २०२१ चा मे महिना आठवेल. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसांना काळ्या बुरशीचा आजार झाला. डोळे गेले, जबडे काढावे लागले. त्या वेळी 'लायपोसोमल अँफोटेरिसिन' या इंजेक्शनासाठी लोक मराठवाड्यातून मुंबई, हैदराबादपर्यंत फोन लावत होते. ते औषध नवे नव्हते, १९५० च्या दशकातले होते. नुसते दिले की बुरशी मरते, पण मूत्रपिंडेही खराब होतात. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरले की मूत्रपिंडाला त्याची झळ कमी लागते. ती पिशवी म्हणजे लायपोसोम, आणि लायपोसोम म्हणजेच नॅनो औषधवाहक. मोबाइलवरच्या साबणाच्या कितीतरी आधी हे तंत्र आपल्या वॉर्डात येऊन, एका कुपीला हजारो रुपये मोजायला लावून गेले आहे.

कर्करोगात तर ते त्याहूनही जुने आहे. अमेरिकेत १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये डॉक्सिल नावाच्या औषधाला परवानगी मिळाली. डॉक्सोरुबिसिन हे जुने, हृदयाला त्रास देणारे लाल औषध लायपोसोममध्ये भरलेले. पहिली परवानगी कशासाठी होती? एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमासाठी. या रोगात अंगावर, पायावर, तोंडात जांभळ्या गाठी उठतात. म्हणजे कर्करोगाचे पहिले नॅनो औषध आले ते कातडीवर दिसणाऱ्या कर्करोगासाठीच. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाची टंचाई झाली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे तशाच बनावटीचे औषध आयात करायला अमेरिकी सरकारने खास मुभा दिली. आपण बातम्यांत तिकडचे साबण शोधतो, आणि तिकडची माणसे इकडच्या कुप्या शोधत होती. असो.

मग एवढे असताना, गेल्या तीस वर्षांत सगळे कर्करोग या डब्यांनी बरे का नाही झाले? इथे शास्त्रज्ञांनीच केलेला एक हिशेब सांगतो. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, चाळणीसारख्या असतात. त्यातून नॅनोकण बाहेर झिरपतील आणि गाठीतच साठतील, असा शोध जपानच्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडला. सारी मदार या झिरपण्यावर. २०१६ साली जुन्या दहा वर्षांचे शंभरावर शोधनिबंध एकत्र तपासले गेले, बहुतेक उंदरांवरचे. आढळले असे की टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा हिस्सा मध्यम आकड्याने शेकडा ०.७. शंभर रुपये पाठवले, तर पोचले सत्तर पैसे. सरकारी रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात असे राजीव गांधी म्हणाले होते, त्याच्याही खाली. तरीही ही औषधे उपयोगी पडतात, कारण नुसते औषध दिले तर त्याचा त्रास जास्त होतो. पण 'थेट गाठीवर जाऊन बसणारे औषध' हे बातमीतले वाक्य वाचताना हे सत्तर पैसे लक्षात ठेवावेत.

त्वचेच्या कर्करोगातला सर्वांत दुष्ट प्रकार मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा. तो पसरल्यावर पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन प्रथिनाच्या नॅनोकणांत बांधून देऊन पाहिले गेले. पाचशेवर रुग्णांच्या चाचणीत जुन्या औषधाने रोग मध्यम हिशेबाने अडीच महिने थोपला, नव्याने सुमारे पावणेपाच. आयुष्य मात्र सिद्ध होण्याइतके वाढले नाही. अधिक आशा वाटावी अशी बातमी अलीकडची आहे. कोरोनाच्या काळात एमआरएनए लस चरबीच्या नॅनोकणांतून दिली गेली, त्याच मार्गाने मॉडर्ना आणि मर्क या कंपन्या मेलानोमावर लस बनवीत आहेत, प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून बेतलेली, त्या त्या माणसापुरती. १५७ रुग्णांच्या चाचणीत प्रतिकारशक्तीच्या औषधाबरोबर ही लस दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या औषधाच्या तुलनेत शेकडा ४४ ने कमी झाला. त्याहून मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली.

पण या चाचणीतली एक गोष्ट बातमीच्या मथळ्यात येत नाही. त्या १५७ जणांपैकी प्रत्येकाची गाठ आधी शस्त्रक्रियेने पूर्ण काढलेली होती. नॅनोची लस आली ती सुरीच्या नंतर, सुरीच्या जागी नव्हे. आणि सुरीपर्यंत वेळेत पोचायचे, तर मुळात रोग ओळखला गेला पाहिजे. आमच्या बिडकीनच्या रुग्णाचा खरा खोळंबा तिथे आहे. औषध रक्तातून गाठीपर्यंत कसे न्यावे हा पुढचा प्रश्न झाला. जखम घेऊन बसलेली बाई पैठण रस्त्यावरून शहरातल्या तपासणीच्या टेबलापर्यंत नऊ महिन्यांत का पोचत नाही, हा आधीचा.

गोऱ्या लोकांच्या देशांत त्वचेचा कर्करोग फार. आपल्या सावळ्या कातडीने उन्हापासून आपले पुष्कळ रक्षण केले आहे, त्यामुळे आपल्याकडच्या एकूण कर्करोगांत तो शेकडा एक-दोनाच्या घरात. या चांगल्या गोष्टीचा एक वाईट परिणाम असा की, तो आपल्याला होतो हेच आपण विसरलो. रुग्ण विसरले, आणि आम्ही डॉक्टरही. परदेशी पुस्तके वाचून आम्हीही तो नाकावर, गालावर, उन्हाने भाजलेल्या जागी शोधतो. आपल्याकडे तो वेगळ्या जागी दडतो.

पहिली जागा भाजल्याचा जुना डाग. चूल, बंब, स्टोव्ह, कढईतले तेल, उसाच्या गुऱ्हाळातली काहील. मराठवाड्यात अंगावर भाजल्याच्या खुणा असलेल्या बायका किती असतील याचा विचार करा. असा डाग सांध्याजवळ ओढलेला असला की तो पुन्हा पुन्हा उलतो, भरतो, उलतो. सरासरी तीसेक वर्षांनी त्यातल्या एखाद्यात कर्करोग उठतो. मार्जोलिन या फ्रेंच वैद्याने अशा व्रणाचे वर्णन १८२८ सालीच करून ठेवले आहे. वर्षानुवर्षे वाहणारे हाडाचे नासूर आणि कुष्ठरोगात तळपायाला पडणारे भोक यांतही हेच होऊ शकते. डागातून उठलेला कर्करोग साध्यापेक्षा जास्त आडदांड असतो, जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींत लवकर शिरतो.

दुसरी जागा कंबर. हे वाचून कोणाला हसू येईल, पण १९४५ साली टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी धोतराच्या कर्करोगावर शोधनिबंध लिहिला. घट्ट कमरेला तेच धोतर वर्षानुवर्षे त्याच जागी घासते, आधी रंग काळा पडतो, खपली येते, जखम होते, आणि कधी तरी एखादीत कर्करोग उठतो. धोतरे कमी झाली, पण लुगडी आणि परकराच्या नाड्या राहिल्या. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णवृत्तांतांत दोन भारतीय बायकांची हकीकत छापून आली, लिहिणाऱ्यांत आपल्या वर्ध्याचे डॉक्टर होते. एक बाई सत्तरीची, दुसरी साठीच्या पुढची. दोघींच्या कमरेला दीड-दोन वर्षे न भरलेली जखम. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीत गेलेला होता. नाडी सैल बांधा, बांधायची जागा बदलत जा, रुंद पट्टा वापरा, इतके साधे हे सांगणे आहे. पण कमरेची जखम बाई कोणाला दाखवणार? सुनेला नाही, मुलाला तर नाहीच. पुरुष डॉक्टरला दाखवायची तर मरणच.

तिसरी जागा तळपाय आणि नखाखाली. सावळ्या माणसाचा मेलानोमा बहुधा इथे होतो, जिथे कातडीला रंग कमी असतो. याचा उन्हाशी संबंध नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला. आधी फुटबॉल खेळताना लागले असेल असे वाटले. १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी बाभळीचा काटा असतो.

हे मी का सांगतो, तर बारा-तेरा वर्षांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ टाचेला काळा ठिपका घेऊन माझ्याकडे आले होते. कपाशीच्या रानात अनवाणी फिरणारा माणूस. ते म्हणाले काटा मोडलाय, मीही म्हणालो काटा असेल, मग म्हणालो कुरूप असेल. कुरुपाची पट्टी लिहून दिली. त्या ठिपक्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या आणि एका बाजूला तो निळसर होता, हे मी पाहिले होते. पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नाही. पाच महिन्यांनी ते परत आले तेव्हा जांघेत सुपारीएवढ्या गाठी होत्या. दीड वर्षाने ते गेले. त्यांच्या घरच्यांनी मला कधी दोष दिला नाही, कारण तो ठिपका मी आधी पाहिला होता ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात नव्हती. माझ्या आहे. तेव्हापासून पन्नाशीच्या पुढचा कोणीही कोणत्याही तक्रारीसाठी आला तरी मी पायातले काढायला सांगतो. लोकांना ते विचित्र वाटते.

आणखी एक गट लहान मुलांचा आहे, थोडक्यात सांगतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होतात. अशा नात्यातल्या लग्नात क्वचित एक आनुवंशिक दोष दोन्हीकडून येऊन मुलात प्रगट होतो, त्यात कातडी उन्हाचा मार दुरुस्त करू शकत नाही. दोन वर्षांच्या आतच तोंडावर तिळासारखे असंख्य डाग, उजेड सहन न होणारे डोळे, आणि दहा वर्षांच्या आतबाहेर त्वचेचा कर्करोग. असे मूल दिसले तर त्याला उन्हापासून कडेकोट जपायचे आणि तज्ज्ञाला दाखवायचे. याची कोडाशी गल्लत करू नये. आणि कारखान्यात काजळी, कोळशाचे डांबर किंवा न शुद्ध केलेले खनिज तेल रोज अंगावर घेणाऱ्यांनीही कातडीवर नजर ठेवावी. चिमणी साफ करणाऱ्या पोरांना होणारा कातडीचा कर्करोग लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ साली ओळखला होता. बिडकीनच्या शिवारात आता मोठी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, तेव्हा हे कामाला येईल.

आता मूळ अडथळ्याकडे. त्या माउलीला मी म्हणालो, जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. तिने लुगडे झटकन खाली घेतले. "नको बाबा. हात लावला की पसरतं ते. आमच्या भावकीत एकाचं तसंच झालं." हा समज इतका खोल आहे की त्यापुढे बिब्बा काहीच नाही. तो आला कुठून याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस दहा महिने घरी काढतो. मग तुकडा काढला जातो, आठ दिवसांनी कागद येतो, त्यावर कर्करोग लिहिलेले असते, आणि चार महिन्यांत माणूस जातो. घरच्यांच्या हिशेबात आजार सुरू झाला तो तुकडा काढल्याच्या दिवशी. आधीचे दहा महिने हिशेबातच नाहीत. तुकडा काढल्याने कातडीचा कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढता त्यावर बिब्बा, चुना, तेजाब लावल्याने, डाग दिल्याने मात्र वरचे जळते, खपली धरते, बरे वाटते आणि खाली तो पसरत राहतो.

तपासणी म्हणावी तर किती? जागा बधिर करायची सुई, चार मिलिमीटर व्यासाची एक गोल पाती, कडेचा तुकडा, एक टाका, औषधाच्या पाण्याची एक बाटली. दहा-पंधरा मिनिटांचे काम. ती पाती मोटारसायकलच्या एका टाकीच्या पेट्रोलहून स्वस्त आहे. इथे मला सरकारला एक सांगायचे आहे. कर्करोगासाठी मोठी यंत्रे आणता, जरूर आणा. शहरात आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ते व्हायला हवे होते आणि झाले, चांगले झाले. पण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी न भरणाऱ्या जखमांचे तुकडे तिथेच काढले जातील आणि बाटल्या गाडीने शहरात जातील. आज तपासणीसाठी आधी माणूस जातो. एक दिवसाची मजुरी, सोबतच्याची मजुरी, गाडीभाडे, आणि 'पुढच्या मंगळवारी या'. यात निम्मे लोक गळतात. बाटलीला मजुरी बुडत नाही. आधी बाटली जाऊ द्या, गरज असेल तर माणूस मागून जाईल. हे माझ्या मते एका नॅनो प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहे, आणि त्याला बक्षीस मिळणार नाही हेही मला ठाऊक आहे.

पैशांची धास्तीही खरी असते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ साली राज्याने ती सगळ्या कुटुंबांना खुली करून मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे, आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. तपासणीच्या टप्प्यावर मात्र थोडा खर्च खिशातून होतो, याची तयारी असावी.

काय पाहायचे ते एवढेच : दीड महिन्यात न भरणारी जखम, कुठलीही. जुन्या डागात उठलेली गाठ किंवा भेग. तळपायावर, तळहातावर, नखाखाली नवा काळा ठिपका, विशेषतः ज्याचा आकार वाढतो, कडा वाकड्या आहेत, रंग सारखा नाही. साधा तीळ जन्मभर असतो तसा राहतो. मधुमेही लोकांना पायाच्या जखमा होतात आणि त्या भरायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक जखम कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण ते ठरवायचे कोणी? मलमवाल्याने नाही, मोबाइलने नाही, आणि नुसत्या नजरेने माझ्यासारख्यानेही नाही.

'नॅनो' लिहिलेल्या मलमांची जाहिरात आता सर्रास दिसते. खरी मंजूर औषधे त्यात नसतात असे नाही. युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळालेले एक नॅनो-इमल्शनचे जेल आहे, ते लावून लाल प्रकाश टाकतात. पण ते प्रामुख्याने उन्हाने आलेल्या वरवरच्या खरबरीत डागांसाठी, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. खोल गेलेल्या व्रणावर असे काहीही चोळत बसणे म्हणजे घराच्या पायाला वाळवी लागली असताना भिंतीला रंग देणे.

त्या माउलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मुलानेच तिला समजावले. मी अर्धा तास बोललो त्याचा उपयोग झाला नाही. तो म्हणाला, "माय, साबण येईस्तोवर तरी तपासून घेऊ." मी गप्प बसलो. तुकडा गेला, आठव्या दिवशी अहवाल आला : स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. गाठी तपासल्या, लागण दिसली नाही. शहरात शस्त्रक्रिया झाली, व्रण चहूबाजूंनी चांगल्या कातडीसकट काढला आणि मांडीची पातळ कातडी काढून वर लावली. कडा स्वच्छ असल्याचा कागद आला आहे. परवा ती टाके दाखवायला आली होती. मांडीची जखम पोटरीपेक्षा जास्त ठणकते अशी तिची तक्रार आहे, आणि ती बरोबर आहे, तसेच होते. शेतात कधी जाऊ असे तिने तीनदा विचारले. दोन महिन्यांनी जांघेच्या गाठी पुन्हा चाचपायला बोलावले आहे, आणि पुढची दोन वर्षे दर तीन महिन्यांनी. मुलाने तारखा मोबाइलमध्ये टाकून घेतल्या. जाताना त्याने आपलाही बूट काढला आणि तळपाय पुढे केला. तिथे एक तीळ आहे, लहानपणापासूनचा. मी भिंग घेऊन पाहिला. साधा तीळ आहे.